कार्पेटखालची जमीन: प्लायवूडला वर यायला इतकी वर्षं का लागली?

हेडफोन लावलेत? मग आता जरा खाली बघा. मोबाइलच्याही खाली, पायाकडे.

तुम्ही बहुतेक व्हिट्रिफाइड टाइल्सवर उभे असाल. जुन्या बिल्डिंगमध्ये असाल तर मोझॅकवर, गावाकडे असाल तर शहाबादी फरशीवर नाहीतर कोब्यावर. लाकडाची जमीन आपल्यातल्या फार थोड्यांकडे असेल, आणि प्लायवूडची जमीन म्हटलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! प्लायवूड म्हणजे कपाट, प्लायवूड म्हणजे बेडचा बॉक्स. त्याच्यावर चालतात थोडंच?

चालतात. अमेरिकेत कोट्यवधी माणसं रोज चालतात, फक्त त्यातल्या बहुतेकांना ते दिसत नाही. तुमची कोणी ताई-दादा मंडळी न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या आसपास राहत असतील तर त्यांना विचारा. वरच्या मजल्यावर पोरं पळाली की खाली ढोल बडवल्यासारखा आवाज येतो की नाही? तो आवाज प्लायवूडचा, किंवा त्याच्या धाकट्या भावाचा. वर कार्पेट, कार्पेटखाली फोमची पातळ गादी, आणि तिच्याखाली लाकडी वाशांवर खिळे मारून बसवलेली प्लायवूडची शीट. गेली काही वर्षं तिकडे बरीच माणसं जुनं कार्पेट उपटून टाकतात आणि खालचं प्लायवूड घासून, रंगवून किंवा पॉलिश करून तसंच ठेवतात. कारण सरळ आहे. पैसे. ओकच्या लाकडाची जमीन घालणं परवडत नाही, आणि प्लायवूड तिथे आधीच आहे.

आजचा भाग त्या लपलेल्या जमिनीवर आहे. ती आली कुठून, आणि तिला लपवलं कोणी?

प्लायवूडचा इतिहास सांगताना सगळे इजिप्तच्या थडग्यांपासून सुरुवात करतात. आपण ते सोडून देऊ, कारण फॅरोच्या शवपेटीचा आणि आपल्या हॉलचा फारसा संबंध नाही. आपण थेट १९०५ मध्ये जाऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात मोठं प्रदर्शन भरणार होतं. लुईस आणि क्लार्क या दोघांच्या प्रवासाला शंभर वर्षं झाली म्हणून. तिथल्या सेंट जॉन्स भागात पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नावाचा छोटा कारखाना होता. तो फळांच्या पेट्या, टोपल्या असलं सामान बनवायचा. त्यांना आयोजकांनी सांगितलं, काहीतरी नवीन करून दाखवा. कारखान्याचे मॅनेजर गुस्ताव कार्लसन आणि मंडळींनी डग्लस फर या स्थानिक झाडाचे पातळ पापुद्रे काढले आणि एकावर एक चिकटवले. गोंद लावायला काय, तर रंगाचे ब्रश. दाबून धरायला काय, तर घर उचलायचे जॅक! आपल्याकडे ट्रकचं चाक बदलताना लावतात ना, त्याच जातीचे. जुगाड हा शब्द त्यांना माहीत नव्हता एवढंच.

लोकांना तो प्रकार आवडला. पहिल्या ऑर्डरी आल्या त्या दरवाजे बनवणाऱ्यांकडून. का आवडला, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

लाकूड पाणी पितं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. हे आपल्याला पावसाळ्यात दरवाजा घट्ट बसतो तेव्हा कळतंच. पण ते फुगतं मुख्यतः रेषांना आडवं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. प्लायवूडमध्ये एक पापुद्रा उभ्या रेषांचा, त्यावरचा आडव्या रेषांचा, पुन्हा उभ्या. चटईची वीण असते तसं. प्रत्येक थर शेजारच्याला म्हणतो, तू हलायचं नाहीस. त्यामुळे मोठं शीट सपाट राहतं, तडकत नाही. एवढा रुंद अखंड तुकडा झाडातून कापून काढायचा तर झाडही तेवढं जाड लागेल.

पण हे सगळं एका गोष्टीवर टिकून होतं, ती म्हणजे गोंद. आणि गोंदच कच्चा होता. सुरुवातीला जनावरांच्या हाडा-चामड्यांपासून केलेली सरस वापरायचे. वास असा की कारखान्यात उभं राहवत नसे. मग १९२० च्या दशकात सोयाबीनच्या पेंडीपासून गोंद निघाला. (लातूरकर मंडळींचे कान टवकारले असतील!) स्वस्त होता, बरा होता, पण पाण्यापुढे तोही हरायचा. त्या काळात मोटारींना चढायला बाजूला पायफळी असायची, ती प्लायवूडची करायचे. पावसात थर सुटायला लागले आणि मोटारवाले सरळ लोखंडाकडे वळले. जे प्लायवूड पायफळी म्हणून टिकत नाही, ते घराची जमीन म्हणून कोण घालेल?

१९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन गावी, हार्बर प्लायवूड कंपनीत जेम्स नेविन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यात न सुटणारा चिकटा तयार केला. मला विचाराल तर प्लायवूडचा खरा जन्म १९०५ चा नाही, १९३४ चा. आता योगायोग बघा. त्याच वर्षी, १९३४ मध्येच, अमेरिकी सरकारने फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था काढली. तिला आपण एफएचए म्हणू. ती घरं बांधत नव्हती, कर्जही देत नव्हती. बँकेने दिलेल्या गृहकर्जाचा विमा उतरवायची. पण विमा हवा तर घर आमच्या नियमांत बसलं पाहिजे, असं म्हणायची. म्हणजे एका वर्षात दोन गोष्टी आल्या, न सुटणारा गोंद आणि घर कसं असावं ते ठरवणारी फाइल. आपल्या गोष्टीत दोघांना सारखंच महत्त्व आहे.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी लाकूड-प्रयोगशाळेने एक नमुना घर केलं. भिंती, छप्पर आणि जमीन, सगळे प्लायवूडचे तयार पॅनेल. मधल्या लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवलेलं. मंदीचा काळ होता, लोकांना स्वस्त घरं हवी होती. म्हणजे स्वस्त घरासाठी प्लायवूडची जमीन ही कल्पना काही आजची नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं, आणि इथे आपला देश गोष्टीत येतो. ब्रिटिशांचं मॉस्किटो नावाचं बॉम्बफेकी विमान मुख्यतः लाकडाचं होतं, प्लायवूड आणि बाल्सा. हलकं आणि अतिशय वेगवान. १९४४ मध्ये ही विमानं ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी भारतात होती. इथे काही अपघात झाले, पंखांवरचं प्लायवूडचं आवरण आतल्या तुळईपासून सुटलेलं आढळलं, आणि त्या नोव्हेंबरात मॉस्किटो जमिनीवर उभी करून तपासायची वेळ आली. चौकशीत बोट दोन्हीकडे दाखवलं गेलं. एक, इथलं ऊन आणि दमट हवा. दोन, कारखान्यातच सांधे नीट चिकटवलेले नसणं. वाद सोडून द्या, धडा सुताराला कळेल असाच होता: पापुद्रे कितीही चांगले असोत, प्लायवूड त्याच्या गोंदाइतकंच पक्कं.

युद्ध संपलं, लाखो सैनिक घरी परतले, लग्नं झाली, मुलं झाली, घरं कमी पडली. आता जमिनीचं काय चालायचं ते बघू. अमेरिकेतलं साधं घर लाकडी सांगाड्याचं. बहुतेक वेळा दर १६ इंचांवर एक वासा. प्लायवूडच्या आधी या वाशांवर फळ्या मारायचे, पुष्कळदा तिरक्या. प्रत्येक फळी मोजायची, टोक तिरकं कापायचं, प्रत्येक वाशावर खिळे मारायचे. हा झाला खालचा थर. त्यावर ओकच्या अरुंद पट्ट्या, साधारण सव्वादोन इंच रुंद. त्या घासायच्या, पॉलिश करायच्या. ही झाली खरी जमीन. एका घरात दोन दोन जमिनी!

प्लायवूड आलं आणि खालच्या थराचं काम एकदम सोपं झालं. शीट आठ बाय चार फुटांचं. तुमच्या घरी फर्निचर करणारे मिस्त्री आजही म्हणतात ना, "आठ बाय चारच्या दहा शीट मागवा", तोच हा आकार. एक शीट टाकलं की ३२ चौरस फूट झाकले गेले. वेळ वाचला, मजुरी वाचली. ओक मात्र वर राहिलाच, कारण घराची जमीन म्हणजे ओक अशीच अपेक्षा होती.

याच काळात न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन उभं राहत होतं, १९४७ पासून, स्वस्त घरांची प्रचंड वसाहत. तिथे तर लाकडी वासेच नव्हते. जमिनीवर सरळ काँक्रीट ओतलं आणि वर डांबरी टाइल्स चिकटवल्या. दोन मजूर-कामं वजा. (आणि ही स्वस्त घरंसुद्धा सगळ्यांसाठी नव्हती. करारातच कलम होतं, गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही. स्वस्त घरांचा इतिहास सांगताना हे वगळून पुढे जाता येत नाही. एफएचएचे नियमही काळ्या वस्त्यांना कर्जापासून दूर ठेवत होते.)

मग ओक गेला कसा? तो कोणाला नावडला म्हणून नाही. त्याला हटवलं कार्पेटने, आणि कार्पेटला घरात आणलं कर्जाने.

जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे. तिथे कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने हाताने दोऱ्यांचे झुपके ओवून पलंगपोस केला. १९०० मध्ये पहिला विकला, अडीच डॉलरला. मग शेजारच्या बायका शिकल्या, घराघरांत धंदा सुरू झाला, मग मशिनं आली, आणि युद्धानंतर तीच मशिनं रुंद करून कार्पेट निघायला लागली. त्यात नायलॉनचा धागा आला. विणलेल्या लोकरी गालिच्याच्या मानाने हे खूपच स्वस्त.

साठच्या दशकात एफएचएने मान्य केलं की भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट ही घराची पूर्ण झालेली जमीन धरता येईल, म्हणजे तिचा खर्च गृहकर्जात बसेल. बिल्डरने हिशेब केला. प्लायवूडवर ओक कशाला? प्लायवूडवर कार्पेट. एक अख्खा थर वाचला. पुढे सत्तरच्या दशकात कडांना खाच आणि जीभ असलेली जाड शीट आली, एकमेकांत अडकणारी, म्हणजे एकाच थरात काम. ओकच्या पट्ट्यांचा धंदा घसरत गेला.

या व्यवहारातली गंमत मला कधीच सुटत नाही. कार्पेट टिकतं दहा-पंधरा वर्षं, कर्ज चालतं तीस वर्षं. म्हणजे माणूस अशा कार्पेटवर व्याज भरत राहतो जे कधीच कचऱ्यात गेलंय. आणि ज्या प्लायवूडने सगळं वजन उचललंय, ते कागदोपत्री अपूर्णच. त्यावर काहीतरी टाकल्याशिवाय घर 'पूर्ण' होत नाही.

आता जी मंडळी ते कार्पेट उपटतात, त्यांच्याकडे येऊ. त्यांचे दोन प्रकार. पहिले, खाली सापडलेलं प्लायवूडच घासून रंगवतात. यात काही कमीपणा नाही. न्यू इंग्लंडमध्ये जुन्या घरांत पाइनच्या मऊ लाकडाच्या जमिनी रंगवायची पद्धत अठराव्या-एकोणिसाव्या शतकापासून होती. दुसरे, चांगल्या तोंडाचं नवीन प्लायवूड आणतात, त्याच्या फळ्यांसारख्या लांब पट्ट्या कापतात आणि त्या गोंदाने व बारीक खिळ्यांनी खालच्या थरावर बसवतात. दहा बाय बाराच्या खोलीला हिशेबाने चार शीट, वाया जाणारं धरून पाच. आठ इंची पट्ट्या काढायच्या तर ४८ इंचांतून सहा निघतील असं वाटतं. पण करवतीचं पातंही जागा खातं, दर कापाला साधारण एक अष्टमांश इंच. पाच कापांत अर्ध्या इंचाहून जास्त गेलं, आणि शेवटची पट्टी बारीक भरली. म्हणून शहाणे लोक सगळ्याच पट्ट्या आठला किंचित कमी धरतात. भिंतीकडेला पाव इंच फट सोडायची, फुगायला. वर पॉलियुरेथेनचे तीन-चार हात. आपले पॉलिशवाले ज्याला पीयू म्हणतात तेच.

दिसतं छान. पण ही ओकची जमीन नव्हे. ओक पाऊण इंच जाड असतो, पुन्हा पुन्हा घासता येतो. प्लायवूडचा वरचा पापुद्रा कागदाहून थोडाच जाड असू शकतो. एकदा जास्त घासलं की खालचा थर डोकावतो. खुर्ची ओढली की ओरखडा, टोकदार टाच आली की खड्डा. आणि पाणी कडांमधून शिरतं. ज्याला दहा वर्षं काढायची आहेत त्याला हे पुरेसं आहे. नातवंडांसाठी जमीन ठेवायची असेल तर नाही.

आणि इथे पुन्हा तो गोंद येतो. बाहेरच्या कामाच्या प्लायवूडमध्ये फिनॉलवाला चिकटा असतो. गडद रंगाचा, पाण्याला पक्का. आतल्या सजावटीच्या स्वस्त मालात बहुतेक वेळा युरियावाला. दोन्हींत फॉर्मल्डिहाइड आहे, पण युरियावाल्यातून ते हळूहळू हवेत सुटत राहतं, विशेषतः उष्ण दमट हवेत. हे किती गंभीर आहे ते अमेरिकेला २००५ च्या कॅटरिना वादळानंतर कळलं. घर गेलेल्या लोकांना सरकारने ट्रेलरमधली घरं दिली, आतून स्वस्त लाकडी पॅनेल लावलेली. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला जाईना, डोकं दुखायचं. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या सुरुवातीला सरकारी आरोग्य संस्थेने अशी ५१९ घरं तपासली, आणि फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण नेहमीच्या घरांपेक्षा जास्त सापडलं. हा वायू कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलं होतं. २०१० मध्ये अमेरिकेने अशा लाकडी मालासाठी कायदा केला. ज्यांचं घर आधीच वाहून गेलं होतं, त्यांच्यावर हा प्रयोग झाला, हे विसरता येत नाही.

आता शेवटी आपल्याकडे. भारतात प्लायवूडला पहिलं मोठं काम मिळालं ते आसामात, चहाच्या पेट्यांचं. घर-फर्निचर नंतर. आज आपल्या दुकानात दोन-तीन शिक्के दिसतात. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं, पाणी सोसणारं नव्हे. दुकानदार 'वॉटरप्रूफच आहे हो' म्हणाला तरी शीटवरचा शिक्का वाचा.

जमीन म्हणून मात्र आपण त्याला जवळ केलं नाही, आणि त्याला कारणं आहेत. आपली घरं सिमेंटच्या स्लॅबची, तिथे वासेच नाहीत. शिवाय वाळवी. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण जमीन नुसती पुसत नाही, सणासुदीला बादली ओतून धुतो! तसं लाकूड आपल्या पायाखाली नव्हतं असं नाही. वाड्यांचे वरचे मजले लाकडाचेच. तुळया, त्यावर फळ्या किंवा किलच, त्यावर मातीचा थर, आणि वर सारवण. म्हणजे लाकूड आपणही लपवलंच, कार्पेटऐवजी शेणामातीखाली. २०११ च्या जनगणनेत घराची जमीन कशाची, हा प्रश्न होता. जवळपास ४६ टक्के घरांचं उत्तर होतं, माती. लाकूड आणि बांबू मिळून एकच रकाना होता. प्लायवूडला वेगळा रकाना नव्हता.

पण मुंबईत प्लायवूडची जमीन आहे. आपण तिला जमीन म्हणत नाही, माळा म्हणतो. चाळीतली दहा बाय बाराची खोली असो की वस्तीतलं घर, माणसं वाढली की लोखंडी अँगल टाकायचे, त्यावर प्लाय ठोकायचा, वर व्हिनाइलची शीट अंथरायची. वस्त्यांमधल्या घरांना १४ फुटांची उंचीची मर्यादा बरीच वर्षं होती, म्हणून वर उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागतं. वर पोरांचा अभ्यास, नवीन जोडप्याची झोप, पाहुण्यांच्या गाद्या. खाली स्वयंपाक. वर कोणी कूस बदलली तरी खाली आवाज येतो, न्यू जर्सीसारखाच. भाड्याच्या जाहिरातीत लिहितात 'रूम विथ माळा', आणि त्या दोन शब्दांचे पैसे वेगळे लागतात.

तुमच्यापैकी कोणी आत्ता माळ्यावर झोपून हे ऐकत असेल तर एक काम करा. व्हिनाइलचा कोपरा उचला आणि प्लायच्या कडेला बघा. थर सुटलेत का, काळे पडलेत का, दाबलं तर मऊ लागतंय का, भुसा पडतोय का. मऊ लागलं तर तेवढं शीट बदलून घ्या, पावसाळ्याच्या आधी. आणि नवीन घेताना एमआर नको.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.